यादीवरच्या मुलांची मापं

शिवणमावशींनी शिवलेला गणवेश अंगात घातला नाही असं पोर त्या वस्तीत शोधूनही सापडलं नसतं. एकतीस वर्षं त्या एकाच शाळेचे कपडे शिवत आल्या होत्या. रस्त्याकडची पुढची खोली म्हणजे दुकान, मागची खोली म्हणजे घर. मध्ये नावाला एक पडदा होता, पण शाळा उघडायच्या सुमारास त्या पडद्याचं काही चालत नसे. शर्टांचे गठ्ठे थेट स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत जाऊन बसत. मशीन खिडकीशी, कापायचं टेबल भिंतीला टेकून, आणि मधोमध एक ठेंगणं लाकडी स्टूल, ज्यावर मापाला आलेलं पोर उभं राहायचं. मावशींना मूलबाळ नव्हतं. नवरा होता तोवर बटणं आणि इस्त्री त्याच्याकडे असायची. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तेही काम मावशींच्याच अंगावर पडलं होतं.

बाई तोंडाने फटकळ. स्टुलावर चढलेल्या पोराने छाती फुगवली की म्हणायच्या, "सोड बाबा ती हवा, मला फुग्याचा शर्ट शिवायचा नाहीये." आयांचीही गय नव्हती. जी ती आई येऊन सांगायची, वाढत्या अंगाचा शिवा. त्यावर मावशींचं उत्तर ठरलेलं, "वाढत्या अंगाचाच शिवते, म्हणून काय तंबू शिवू?" पण कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पोर दारातून आत येतानाच त्यांना कळायचं की याचे खांदे एकसारखे नाहीत, हिचं दप्तर एकाच बाजूला असतं, हा पुढच्या वर्षी एकदम ताडमाड होणार. आपली नजर म्हणजेच टेप, असं त्या स्वतःच सांगत फिरायच्या, आणि ते खोटंही नव्हतं.

मात्र ही सगळी झाली घरून कापड घेऊन येणारी मुलं. शाळेत दुसरीही मुलं होती. ज्यांच्या घरून गणवेश येण्यासारखा नव्हता, त्यांची एक यादी शाळा दर वर्षी मावशींकडे पाठवायची आणि त्यांचे कपडे शाळाच शिवून घ्यायची. या मुलांना मापाला धाडायची पद्धत नव्हती. पहिलीत आली की एकदा काय ते माप, पुढे काही नाही. त्यांच्या आयांना कामावरून सुटका मिळत नसे, शाळेला तास मोडून पोरं सोडायची नसत, आणि ऐन गर्दीत चाळीस-एक पोरं एकेक करून उभी करायला मावशींना तरी वेळ कुठला? म्हणून त्यांनी आपली एक रीत बसवून घेतली होती. वहीतलं मागच्या वर्षीचं माप काढायचं, छातीला एक इंच आणि लांबीला दीड इंच चढवायचा, आणि कात्री चालवायची. हा अंदाज काही त्यांनी हवेतून काढलेला नव्हता. स्टुलावर चढणारी मुलं वर्षाला किती वाढतात हे बघून बघूनच तो पक्का झाला होता. एकतीस वर्षांत यादीवरच्या एकाही घरातून कपडा परत आला नव्हता, आणि याचा मावशींना केवढा अभिमान होता!

सत्र अर्ध्यावर आलेलं होतं, दुकानात फारसं काम नव्हतं. दुपारी मावशी एका कोटाची काजं करत बसल्या होत्या, तेव्हा धुलाईवाली दारात येऊन उभी राहिली. वस्तीच्या टोकाला एक मोठा धुलाई कारखाना होता. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे धुऊन इस्त्रीसाठी तापलेल्या रुळांतून काढत. त्या कामावर ती होती. डाव्या मनगटाला चिंधी गुंडाळलेली, बहुतेक भाजलं असावं. बरोबर तिची सातवीतली मुलगी. वर्गात सगळ्यांत लहान म्हणून मुलं तिला मुंगी म्हणायची, आणि हळूहळू घरीही तेच नाव पडलं होतं.

धुलाईवालीने पिशवीतून एक निळा ड्रेस काढून टेबलावर ठेवला. चांगला, ठेवणीतला, तिचा स्वतःचा.

"मावशी, हा हिच्या मापाचा करून द्या. पण पोरीबाळीचा फ्रॉक नको. मोठ्या बाईचा दिसला पाहिजे. ही सोळाची वाटली पाहिजे."

"का गं, नाटकात काम आहे का?"

"कारखान्यात."

मग तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रुळावर दोघी लागतात, एक चादर आत घालते, दुसरी पलीकडून ओढून घेते. तिच्या जोडीची बाई काम सोडून गेली. मुकादम म्हणाला, जोडीला माणूस आण, नाहीतर तुझीही जागा दुसऱ्या जोडीला देतो. घरचंच कोणी असेल तर बघ म्हणाला. सोळाच्या आतलं चालत नाही, पण कागद कोण बघतो? तो पोरीकडे बघणार आणि ठरवणार. नवरा लांब कुठे रस्त्याच्या कामावर गेलेला, दोन वर्षं त्याची खबर नव्हती. घरात ही आणि नऊ वर्षांचा धाकटा.

"शनिवारी हिला घेऊन उभी राहायचंय," ती म्हणाली. "शुक्रवारी द्याल ना?"

"तेराची आहे ना ही?" मावशी म्हणाल्या. "शाळेचं काय?"

"शाळा कुठे पळून जातेय?" धुलाईवाली म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

मावशींनी पोरीला स्टुलावर चढवलं, छातीभोवती टेप घातला आणि वाचला. पंचवीस. "नीट उभी राहा, खांदे पाडू नकोस," त्या खेकसल्या. पुन्हा पंचवीस. टेप ताणला गेला असेल म्हणून ड्रॉवरमधून दुसरा काढला. त्यानेही पंचवीसच दाखवले. त्यांनी वही उघडली. यादीवरची मुलगी, पहिलीत छाती बावीस, पुढे दर वर्षी एकेक चढवत यंदा अठ्ठावीस. चांगल्या वळणदार अक्षरात, एकाखाली एक.

मग त्यांचं लक्ष पोरीच्या अंगावरच्या गणवेशाकडे गेलं. गेल्या जूनमध्ये त्यांनीच शिवलेला. स्कर्टची खालची किनार आतून तीन वेळा दुमडून शिवलेली होती. कमरेला चुण्या घालून टाके भरलेले. शर्टाच्या दोन्ही बाजू हातशिलाईने आत घेतलेल्या, खांदे उचलून घेतलेले. टाके इतके बारीक आणि सारखे होते की बाहेरून कुणाला काही कळू नये.

"हे कोणी केलं?"

"मीच," धुलाईवाली ओशाळून म्हणाली. "तुम्ही मोठाच देता ना दर वर्षी. आधी एक घडी घालायचे, मग दोन घालायला लागले. म्हटलं, वाढेल आणि मग सोडू."

"मला सांगितलं का नाहीस?"

"शाळेने दिलेल्या कपड्याला आपण कशी नावं ठेवायची, मावशी?"

मावशींनी वही मिटली. "शुक्रवारी ये," एवढंच त्या म्हणाल्या. मायलेकी गेल्यावर त्यांनी निळा ड्रेस टेबलावर पसरला, खडू हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. संध्याकाळभर त्यांना काम सुचलं नाही. माप चुकणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी करण्याइतकं वाईट, आणि इथे तर चुकायला त्यांनी मापच घेतलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेप आणि वही घेऊन शाळेत गेल्या. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "मावशी, आता कसली मापं? गणवेशाला अजून सहा महिने आहेत."

"गणवेशासाठी नकोयत."

"मग कशासाठी?"

"मला बघायचंय."

मोठ्या बाईंनी थोडे आढेवेढे घेतले, पण एकतीस वर्षांच्या ओळखीला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. मधल्या सुट्टीत लांब ओसरीवर यादीवरची एकेचाळीस मुलं रांगेत उभी राहिली. काही तरी गंमत आहे असं वाटून यादीबाहेरचीही धावत आली, "माझं घ्या, माझं घ्या" करत. मावशींनी आधी त्यांना हाकललं, मग विचार बदलला आणि त्यांचीही मापं घेतली. एकाच बाकावर बसणारे दोघे. एकाच महिन्यात जन्मलेल्या दोघी. एक स्टुलाशिवायच मावशींच्या खांद्याला लागत होती, तर दुसरीसाठी त्यांना वाकावं लागत होतं. त्या जुन्या मापाशेजारी लाल पेन्सिलने खरं माप लिहीत गेल्या. कुणी दोन इंच मागे, कुणी तीन. एकेचाळीसांतली तेवीस मुलं वहीतल्यापेक्षा लहान निघाली. ती सगळी दर वर्षी फक्त मावशींच्या कागदावर वाढत होती.

मोठ्या बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "रोज समोर असतात हो. रोज बघतो म्हणून दिसत नाही. आम्ही म्हणतो, चण बारीक आहे, आणि पहिल्या बाकावर बसवतो."

मुंगीचं माप आधीच झालेलं होतं, तरी मावशींनी तिला बाजूला घेतलं. "खरं सांग हं. रोज जेवतेस?"

"हो."

"कधी?"

मुलगी पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. मग हळूच म्हणाली, "आधी भावाला देते. मग आईचं झाकून ठेवते, ती दमून येते ना. मग उरलं तर मी."

"आणि नाही उरलं तर?"

"शाळेत पाणी असतं," मुंगी म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार कुठेच नव्हती. उलट आपण घर किती नीट सांभाळतो हे सांगतानाचा थोडा मोठेपणाच होता. "आईला मी जेवले म्हणून सांगते. तुम्ही सांगू नका." मावशींनी नाही सांगणार म्हणून मान हलवली.

मोठ्या बाईंनी त्याच दिवशी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं आणि सोबत मावशींची पानं उतरवून जोडली. उत्तर कधी येईल हे मात्र कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. शुक्रवार तर परवावर येऊन ठेपला होता.

ड्रेस शिवावा तर पोरगी शनिवारपासून त्या वाफेत उभी राहणार, आणि आहे तेवढीही तब्येत घालवून बसणार. न शिवावा तर आईची जागा जाणार आणि मग तिघांनी खायचं काय? दोन्हीकडून पोरीच्याच पोटावर पाय. गुरुवारी त्यांनी मन घट्ट करून निळा ड्रेस पुन्हा पसरला, निदान किती कापावा लागेल ते तरी बघू म्हणून. बघतात तर कापायला काही नव्हतंच. एका मोठ्या बाईचा ड्रेस, आणि न वाढलेल्या पोरीसाठी तो दोन बाजूंनी थोडा आत घेतला की होत होता. आईही कधी पुरती वाढलीच नव्हती हे मावशींना तेव्हा कळलं, आणि त्यांनी ड्रेसची पुन्हा घडी घातली.

शुक्रवारी धुलाईवाली पोरीला घेऊन आली. टेबलावर ड्रेस जसाच्या तसा घडी करून ठेवलेला बघून तिचा चेहरा उतरला.

"झाला नाही?"

"केला नाही," मावशी म्हणाल्या. "मी नाही करणार. पोर वाढलेली नाही गं. रुळावर उभी केलीस तर कधी वाढणारही नाही."

"तुम्हाला बोलायला काय जातंय?" धुलाईवालीचा आवाज चढला. "तुम्ही एकट्या, तुमचं दार लावलं की झालं. माझी जागा गेली तर हिला वाढायला तुम्ही घालणार आहात का खायला?"

"ती लहान आहे."

"आणि मी नव्हते? माझा शिवलात तेव्हा कुठे विचारलंत?"

मावशींना काही उमगेना. "तुझा कधी शिवला मी?"

"वीस वर्षं झाली. तेराचीच होते. माझी आई मला इथेच घेऊन आली होती, याच स्टुलावर चढवली होती. तपकिरी ड्रेस होता. तुम्ही खांद्यात काहीतरी भरलं, कमरेला बाक दिला, आणि मला आरशासमोर उभी करून म्हणालात, बघ, आता हिला कोण लहान म्हणेल! मुकादमाने एक शब्द विचारला नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले. दुसऱ्या कुणाला नाही जमत ते."

मावशींना तो ड्रेस आठवेना. त्यांनी पत्र्याची पेटी ओढून काढली आणि तळाशी असलेल्या जुन्या वह्या चाळायला घेतल्या. सापडायला वेळ लागला नाही. वीस वर्षांपूर्वीचं पान, त्यांचंच अक्षर: मुलगी, धुलाईची, छाती सव्वीस, सोळाची दिसावी. मजकुराखाली दोन रेघा मारलेल्या. काम मनासारखं झालं की त्या तशा दोन रेघा मारत असत. त्याच वहीत, थोड्या पानांनंतर, तसलीच आणखी एक नोंद होती, आणि पुढे अजून एक. त्या प्रत्येक वेळी आपण गरिबाची नड भागवतो आहोत असंच त्यांना वाटलेलं होतं.

त्या स्टुलावर बसल्या. ते पोरांना उभं राहायला होतं, बसायला नव्हतं, पण त्यांना उठवेना.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुझ्या वेळीही चुकलं. पण पुन्हा नाही करणार. तू मला काय हवं ते बोल."

धुलाईवाली पिशवी उघडून टेबलाकडे वळली. मावशींनी पोरीला दिलेला शब्द मोडला. तिच्यासमोरच मोडला, कारण दुसरा इलाज नव्हता. "ही तुला जेवले म्हणून सांगते ना? विचार तिला, काल काय जेवली."

"काय जेवलीस काल?" आईने विचारलं.

मुंगी मावशींकडे रागाने बघत राहिली.

"मी विचारतेय. काय जेवलीस?"

"तू रात्रपाळीला रुळावर उभी असतेस ना," मुलगी म्हणाली. "तुला जास्त लागतं."

धुलाईवालीने तोंडावर हात दाबला. ती मोठ्याने रडली नाही. तिला रडायची सवयच नसावी. पोरीचा दंड तिने धरला, बोटांत मावतो का हे बघावं तसा, आणि धरूनच ठेवला. मग तिने टेबलावरचा निळा ड्रेस उचलून पिशवीत कोंबला.

"उद्या नाही नेत हिला," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, अगदी खालच्या आवाजात, "पण मुकादमाला काय सांगू, मावशी? ते तरी सांगा."

मावशींनी एवढंच बघितलं होतं की या बाईचे टाके त्यांच्या स्वतःच्या टाक्यांपेक्षा बारीक पडतात. "काजं आणि किनारी मला आता दिसत नाहीत नीट," त्या म्हणाल्या. "ते काम घे. आणि शाळा सुटली की दोन्ही पोरं इथे येऊ देत. माझ्याबरोबर जेवतील. मी एकटी, अर्धं अन्न रोज वाया जातं." शेवटचं वाक्य खोटं होतं, पण ते त्यांनी बेधडक ठोकून दिलं.

जागा गेलीच. मुकादमाने दुसऱ्या जोडीला रूळ दिला. धुलाईवालीला कपडे मोजून गठ्ठे बांधायच्या कामावर टाकलं, निम्म्या पाळीचं. दोन खोल्यांतली एक सोडावी लागली. काजांनी आणि किनारींनी सगळं भागलं असं म्हणणं धडधडीत थाप होईल. त्या वर्षी ते घर फार ओढगस्तीत गेलं. मुंगी पहिले पंधरा दिवस मावशींशी बोलली नाही. ताटावर बसायची, आधी भावाच्या ताटात डोकवायची, आणि मावशी "आपलं बघ" म्हणून डाफरल्यावर मगच घास उचलायची. शिकलेलं मोडायला वेळ लागतो, आणि ती उपाशी राहायला फार लहानपणी शिकली होती.

पत्राचं उत्तर चार महिन्यांनी आलं. शाळेत एक डॉक्टरीणबाई आल्या, यादीवरची मुलं तपासून गेल्या, आणि पुढच्या सत्रापासून त्या मुलांना मधल्या सुट्टीत दूध आणि अंडं मिळायला लागलं. डॉक्टरीणबाई निघाल्या तेव्हा मावशींनी त्यांना ओसरीच्या टोकाला गाठून विचारलं होतं, राहिलेली वाढ भरून निघते का. लहान मुलांची बरीचशी निघेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण मोठ्यांची सगळी नाही. त्या वयाची एक मुदत असते आणि ती कुणासाठी थांबत नाही.

जूनमध्ये मावशींनी पहिल्यांदाच यादीवरच्या प्रत्येक मुलाला बोलावलं. धुलाईवाली वही घेऊन बसली होती, मावशी टेप लावून सांगत होत्या आणि ती लिहीत होती. मुंगीची पाळी आली तेव्हा ती स्टुलावर चढून ताठ उभी राहिली. मावशींनी टेप लावला, डोळे बारीक करून बघितलं, पुन्हा बघितलं.

"किती?" मुंगीने विचारलं.

"छातीला दीड इंच. लांबीला पाऊण."

"म्हणजे राहिलेली सगळी येईल ना आता?"

एरवी पोरांना काहीही गोड सांगून वाटेला लावण्यात मावशी पटाईत. एकतीस वर्षं त्यांनी दर पोराला तू तर हत्तीएवढा होणार म्हणून सांगितलं होतं. वहीवर वाकलेल्या आईचा हात थांबला होता.

"नाही," मावशी म्हणाल्या. "सगळी नाही यायची."

टेपाचं लोंबणारं टोक मुंगीने स्वतःच उचलून मावशींच्या हातात दिलं.

"मग जेवढी येईल तेवढी नीट मोजा," ती म्हणाली.